नाव एकाकडे, काम दुसऱ्याकडे

आजचा विषय मोबाइलमधल्या ॲपचा आहे, पण गट चालवणाऱ्या बाईला तो पटकन कळेल, कारण मुळात तो हातबदलाचा विषय आहे. एखादे चांगले चाललेले काम, ज्याने उभे केले तोच सोडून गेला, तर पुढे त्या कामाचे काय होते? आणि त्यावर विसंबलेल्या माणसांनी काय करायचे?

'सिंपल मोबाइल टूल्स' नावाचा ॲपचा एक संच होता. फोटोची गॅलरी, फोन नंबरांची यादी, कॅलेंडर, टिपणवही, मेसेज, घड्याळ, कॅल्क्युलेटर अशी रोज लागणारी साधी ॲप. जाहिराती नाहीत, नको त्या परवानग्या मागणे नाही. स्लोव्हाकिया देशातल्या एका प्रोग्रामरने ती बनवली आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी त्यांत भर घातली, दुरुस्त्या केल्या, आपापल्या भाषेत भाषांतरे केली. २०२३ सालाच्या अखेरीस त्या मूळ प्रोग्रामरने हा सगळा संच झिपोॲप्स नावाच्या कंपनीला विकला. आता जाहिराती येतील, आपली माहिती बाहेर जाईल, अशी भीती वापरणाऱ्यांनी बोलून दाखवली. ज्यांनी फुकट कष्ट केले होते त्यांना वाईट वाटले ते वेगळेच.

मग मदत करणाऱ्यांपैकीच एकाने ते काम पुढे न्यायचे ठरवले. जुन्या ॲपचा सगळा मजकूर उचलला, नवे नाव दिले 'फॉसिफाय', आणि एकेक ॲप पुन्हा उभे केले. हा काही चोरीचा मामला नाही. तो तसा करता का येतो, हे समजून घेऊ.

ॲप म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची एक लांबलचक कृती. मसाल्याची असते तशीच. बहुतेक कंपन्या तयार मसाला देतात, कृती देत नाहीत. काही जण मात्र कृतीही उघडपणे मांडतात. त्याला म्हणतात ओपन सोर्स. सिंपलची कृती 'जीपीएल' नावाच्या परवान्याखाली खुली केलेली होती. हा परवाना पहिल्यांदा १९८९ मध्ये आला, आणि त्याची तिसरी आवृत्ती २००७ ची. त्यात म्हटले आहे की कृती कोणीही वाचावी, बदलावी, तयार माल वाटावा, हवे तर विकावाही. पण ज्याला माल द्याल त्याला कृतीही दिली पाहिजे आणि हेच सगळे हक्क दिले पाहिजेत. शिवाय आधी ज्यांनी काम केले त्यांचा उल्लेख पुसायचा नाही. एकदा या परवान्याखाली दिलेली कृती परत घेता येत नाही. म्हणून संच विकला गेला तरी तोवरची कृती सगळ्यांचीच राहिली.

अशी कृती घेऊन वेगळे काम सुरू करण्याला 'फोर्क' म्हणतात. जेवणाचा काटा नव्हे हो. रस्त्याला फाटा फुटतो ना, तसा फाटा.

मग नाव का बदलावे लागले? आपल्यातल्या कितीतरी गटांची मसाल्याची, पापडाची पाकिटे आहेत. समजा एक गट बंद पडला आणि दुसऱ्या गटाने त्याच कृतीने मसाला कांडायला घेतला. कांडायला हरकत नाही. पण पहिल्या गटाचे लेबल आणि त्याचा अन्नपरवान्याचा नंबर लावून ते पाकीट विकता येणार नाही. आपला परवाना, आपले लेबल करावे लागते. ॲपचेही तसेच. परवाना कृतीचा मिळतो, नावाचा नाही. सिंपलचे नाव आणि दुकानातली जागा कंपनीकडे गेली होती.

आणि आता जे सांगतो ते आमच्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्याचा परिणाम थेट आपल्या फोनवर होतो.

गटाच्या बँक खात्याला सह्यांचा नमुना दिलेला असतो. सही जुळली तरच पैसे निघतात. बँकेतला माणूस अध्यक्षताईंना कितीही ओळखत असो, सही लागतेच. अँड्रॉइड फोन अगदी असेच करतो. ॲप पहिल्यांदा टाकताना बनवणाऱ्याची डिजिटल सही तो नोंदवून ठेवतो. पुढे सुधारित आवृत्ती आली की तीच सही आहे का पाहतो. असेल तर आत घेतो, नसेल तर नाही.

म्हणजे झाले काय? ज्याच्याकडे जुनी सही, त्याचीच सुधारणा जुन्या चिन्हामागून फोनमध्ये शिरू शकते. ॲप विकत घेणाऱ्याला तीही मिळते. काम पुढे नेणाऱ्याकडे पूर्ण कृती असली तरी ती सही नसते, म्हणून त्याचे ॲप तुमच्या फोनमध्ये आपोआप येत नाही. फोन नावाच्या आणि सहीच्या मागे जातो, कामाच्या मागे जात नाही. प्ले स्टोअरवर आपोआप अपडेट चालू असेल, तर मालक बदलल्याचे बाईला कळणारही नाही. चिन्ह तेच, जागा तीच. फोन नंबर किंवा मेसेज पाहण्याची जी परवानगी आपण पहिल्या मालकाच्या भरवशावर दिली, तीही तशीच चालू राहते. आम्हाला हे फार खटकते. दुकान विकले तर निदान गावात बोभाटा होतो.

तेव्हा वापरणाऱ्यालाच उठून नव्या जागी जावे लागते. जाताना घाई करू नका. आधी नवे ॲप टाका, सामान हलवा, आणि मगच जुने काढा. कारण ॲप काढले की त्याच्या पोटातले सगळे जाते. गॅलरीतले फोटो फोनमध्येच असतात, ते राहतात. पण गॅलरीच्या कचरापेटीत टाकलेले फोटो हवे असतील तर ते आधी परत बाहेर काढा. टिपणवहीतल्या नोंदी आणि कॅलेंडरमधल्या बैठकांच्या, हप्त्यांच्या तारखा ॲपच्या पोटात असतात. त्यांसाठी सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' असते. त्याने फाइल तयार होते, ती नव्या ॲपमध्ये 'इम्पोर्ट' करायची. फोन नंबर बहुधा फोनमध्ये किंवा गूगल खात्यात असतात, पण या संचात नंबर फक्त त्या ॲपपुरते साठवण्याचीही सोय होती. ती वापरली असेल तर ते नंबरही आधी फाइलमध्ये काढून घ्या. नव्या ॲपमध्ये सगळे उघडून मोजून पाहा, मगच जुने काढा.

अशी नावे बदललेली इतरही कामे आहेत. संगणकाच्या वर्गात मुली ज्यात पत्र आणि तक्ते करतात ते लिबरऑफिस आधी ओपनऑफिस होते. २०१० मध्ये ते ज्या कंपनीकडे होते ती ओरॅकलने घेतली, तेव्हा काम करणाऱ्यांनी वेगळी संस्था काढली. ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या, अशी त्यांनी ओरॅकलला विनंती केली. ते मिळाले नाही, म्हणून लिबरऑफिस. आज ते मराठीतूनही वापरता येते.

पण प्रत्येक सोडलेल्या कामाला वारस मिळतोच असे नाही. कृती खुली असली तरी ती रांधणारे हात लागतात, आणि हे बहुतेक हात बिनपगारी असतात. कृती बंद असेल तर तेवढीही आशा नाही. कंपनीने ॲप बंद केले की संपले, मग दुसऱ्या कोणाला कितीही इच्छा असो.

गटाचा हिशोब मोबाइलवर घ्यायचा विचार बऱ्याच ठिकाणी चालू आहे. कोणी ॲप दाखवायला आले की आधी त्यांना सगळ्या सभासदांची बचत आणि कर्ज एका फाइलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगा. ती फाइल त्या ॲपशिवाय, साध्या तक्त्यात उघडते का ते समोर बसून पाहा. शेवटची सुधारणा कधी आली तेही विचारा, प्ले स्टोअरवर तारीख लिहिलेली असते. दोन वर्षांपूर्वीची असेल, तर आता ते कोण सांभाळतेय हा प्रश्न बैठकीतच विचारा आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा. कर्ज नोंदवही आणि सभासदांची पासबुके मात्र पहिल्यासारखी हातानेच भरत राहा.