अपवादाने नियम सिद्ध होतो? कसा काय?

तुमच्या प्रबंधाच्या मसुद्यात 'द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल' हे वाक्य कुठे आहे का, शोधून बघा. माझ्यात होतं. पाऊस कमी तिथे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल, असं माझं म्हणणं. ४० पैकी ३९ विहिरी ऐकत होत्या, एक ऐकत नव्हती. मी हे वाक्य टाकलं आणि पुढे गेलो. गाईडनी त्याभोवती लाल गोल करून समासात एवढंच लिहिलं, "कसा काय?"

उत्तर देता येईना, म्हणून मुळाशी गेलो.

हा वाक्प्रचार कोर्टातला आहे. इ.स.पू. ५६ मध्ये रोममध्ये बाल्बस नावाच्या माणसावर खटला चालला. हा मूळचा आजच्या स्पेनमधल्या गादेसचा. त्याला मिळालेलं रोमन नागरिकत्व बेकायदा आहे, असा आरोप. वकील सिसेरो. त्याचा युक्तिवाद असा, की काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यापैकी कोणाला नागरिकत्व देऊ नये' असं कलम मुद्दाम घातलंय. मग ज्या तहात ते नाही, तिथे मुभा आहे हे उघडच झालं. पुढे याच धर्तीचं लॅटिन सूत्र इंग्लंडच्या कायद्यात रुळलं. त्याला एक शेपूट होतं: 'जे अपवादात येत नाहीत त्यांच्या बाबतीत'. वाक्य बोलण्यात आलं, शेपूट गळलं.

पुण्यातली पाटी घ्या, 'दुपारी १ ते ४ बंद'. दुकान उघडं कधी, हे कुठेच लिहिलेलं नाही, तरी कळतं. पाणिनीय व्याकरणातलं उत्सर्ग-अपवादाचं नातं शिकला असाल तर ओळखीचं वाटेल: अपवाद आपल्यापुरती जागा घेतो, बाकीची उत्सर्गाची.

पण पाटी कोणीतरी लावलेली असते. विहिरीला कोणी पाटी लावलेली नाही! डेटातला अपवाद नियम सिद्ध करत नाही, अडवतो. ('प्रूव्ह' म्हणजे इथे 'तपासणे', असंही सांगतात. संशोधकाला तो अर्थ गोड वाटतो, पण उगम तो नाही.)

अडवल्यावर काय होतं, ते बघा. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना. ल व्हेरिएने अज्ञात ग्रहाची जागा गणिताने सांगितली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून सापडला. नियम वाचला. बुधाच्या कक्षेतही फरक होता. १८५९ मध्ये त्यानेच तो मांडला, पुढे त्यासाठीही एक ग्रह कल्पिला गेला, त्याचं व्हल्कन असं नावसुद्धा ठेवून झालं. तो काही सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने तो फरक सामान्य सापेक्षतेने उलगडला. न्यूटनचा नियमच अपुरा होता. सुरुवातीला मात्र दोन्ही अपवाद सारखेच दिसत होते.

माझ्या विहिरीचं म्हणाल, तर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर कालवा निघाला. नकाशात होता, मीच बघितला नव्हता. मग त्याच कालव्याजवळ आणखी ६ विहिरी निघाल्या, नियमात अगदी चोख बसलेल्या. भाग जास्त पावसाचा म्हणून पाणी वर, असं मी लिहून मोकळा झालो होतो. ते पाणी पावसाचं की कालव्याचं, आता सांगता येत नाहीये. ते प्रकरण पुन्हा लिहितोय.