‘गिअरबॉक्स गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आज आपण ज्या वाक्याबद्दल बोलणार आहोत, ते ऐकलं की भलेभले गप्प होतात. ते वाक्य म्हणजे, “साहेब, गिअरबॉक्स गेला.” टायर, बॅटरी, ब्रेक यातलं आपल्याला थोडंफार कळतं. गिअरबॉक्स मात्र बंद पेटी. ती उतरवून उघडल्याशिवाय आतलं काही दिसत नाही, आणि फसवणुकीला जागा मिळते ती इथेच. सगळेच मेकॅनिक लबाड असतात, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पण सांगितलेलं खरं की खोटं, हे तपासायला आपल्याकडे काहीतरी हवं की नाही?

आधी एक फरक समजून घेऊ. क्लच इंजिनाची ताकद तोडतो-जोडतो. गिअरबॉक्स ती ताकद कमी-जास्त वेगात चाकांकडे पाठवतो. काम क्लचचं आणि बिल गिअरबॉक्सचं, ही नेहमीची युक्ती. हाताने गिअर टाकायची गाडी असेल, तर तीन गोष्टी आपण स्वतः पाहू शकतो.

एक, इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर अडतात? मग क्लच पूर्ण सुटत नसावा. पेटी उघडण्याआधी क्लचची केबल किंवा त्याचं ऑइल बघायला सांगा. दोन, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही? मग संशय क्लच प्लेटवर. तीन, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो? तेव्हा गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग असू शकतं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग. आता हे काही अंतिम निदान नव्हे. पण एवढं सांगता आलं, तरी समोरच्याचा सूर बदलतो.

दुसरा टप्पा गॅरेजमधला. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या; त्यात सुटे भाग वेगळे आणि मजुरी वेगळी. ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ हे वाक्य त्यातच लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर घेतलं तरी चालेल. काढलेले जुने भाग परत मागा, तेही पहिल्याच दिवशी. आणि “बिल नको असेल तर जीएसटी वाचेल” असं कुणी म्हटलं, तर सावध व्हा. तो कर चुकवणं हा गुन्हा आहेच, शिवाय बिलाबरोबर आपला पुरावाही जातो.

आता समजा, तरीही फसलो. न सांगितलेलं काम बिलात आहे आणि पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. इथे कायदा नीट माहीत हवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ठरलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. हा हक्क ठरलेल्या कामापुरताच, न सांगितलेल्या कामाला तो लागू नाही. पण भर गॅरेजात हा वाद सुटत नाही. गाडीची निकड असेल तर बिलावर ‘आक्षेप नोंदवून रक्कम दिली’ असं लिहा, फोटो काढा आणि गाडी ताब्यात घ्या.

त्यानंतर घाई करून दुसरीकडे पेटी उघडू नका! उघडली की पुरावा विस्कटतो. आधी दुसऱ्या जाणकाराचं लेखी मत घ्या, मग गॅरेजला लेखी नोटीस पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

पण आयोगापुढे आपला राग उपयोगी पडत नाही, कागद पडतो. म्हणून अंदाजपत्रक, बिल, मेसेज आणि जुने भाग हे चारही जपून ठेवा. आता प्रश्न घेऊया.