आधी शेपूट बघा

आमच्या घरी रंगीत टीव्ही उशिरा आला. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ लागायचं, तेव्हा स्क्रूज काकाच्या मागे धावणारी ती बदकाची तीन पिल्लं आमच्यापुरती करड्या रंगाच्या तीन छटा होती. ह्युई लाल, ड्युई निळा, लुई हिरवा, हे शेजारच्या पोरांकडून मिळालेलं ज्ञान. आमच्या पडद्यावर त्याचा उपयोग शून्य. दादा छातीठोकपणे सांगायचा, “सगळ्यात काळी टोपी तो ड्युई.” मी म्हणायचो, लुई. एकदा या वादात टीव्हीचं चॅनेल बदलायचं बटणच उपटून हातात आलं आणि मार दोघांनाही बसला.

रंगीत टीव्ही आल्यावर वाद मिटला, सारख्या दिसणाऱ्यांतला फरक शोधायची माझी खोड मात्र गेली नाही. कार्टूनमधल्या चिप आणि डेल या खारींत चिपचं नाक काळं आणि डेलचं लाल, डेलच्या दातांत फट, हे कुणीही सांगेल. माझा जीव अडकला तो त्याच्याही मागे, १९२०-३०च्या अमेरिकन कार्टूनमध्ये. तिथे लाल-निळ्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक प्राणी काळ्या अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा, रबरी नळीसारख्या हातापायांचा. मांजर, ससा, उंदीर, कोल्हा, सगळी एकाच आईची लेकरं वाटावीत.

हा चित्रकारांचा आळस, असं मला आधी वाटायचं. थोडा होताही. पण १९१९मध्ये अवतरलेल्या फेलिक्स मांजराचा चित्रकार ऑटो मेसमर याने त्यामागचं गणित सांगून ठेवलं आहे. अंग भरीव काळं केलं की आतल्या बारीक रेघा काढायचा त्रास वाचतो, आणि भरीव काळा आकार पडद्यावर हलताना जास्त चांगला दिसतो. एका फिल्मसाठी हजारो चित्रं काढणाऱ्याला हे दोन्ही फायदे सोन्याच्या मोलाचे. गोलाचंही तसंच. गोल कसाही वळवा, गोलच राहतो. म्हणून मिकीने तोंड कुठेही फिरवलं तरी त्याचे कान दोन वाटोळ्या टिकल्यांसारखे तसेच. खऱ्या डोक्यावर असे कान बसवून दाखवा बघू! काळ्याचा तोटा एकच, काळ्या पोटासमोर काळा हात आला की तो गायब. १९२९च्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये मिकीच्या हातात पांढरे मोजे आले ते त्यामुळे.

म्हणजे प्राण्याची जात ठरायला उरलं काय? कान आणि शेपूट.

ऑस्वाल्ड सशाची गोष्ट दिवाळी अंकांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९२७मध्ये डिस्नेने युनिव्हर्सलसाठी तो आणला, १९२८मध्ये वितरक चार्ल्स मिन्ट्झने ससाही ठेवून घेतला आणि बरेचसे चित्रकारही पळवले, मग डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी उंदीर काढला. मिकी म्हणजे ऑस्वाल्डची नक्कल, असं कुणी म्हटलं की डिस्नेभक्त चिडतात. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. लांब कान काढून गोल लावा, गोंड्यासारखी शेपटी ओढून दोरीएवढी करा, झाला मिकी. माणसाचं अक्षर बदलत नाही, तसं आयवर्क्सच्या हाताचं वळणही बदललं नाही.

माझा खरा आवडता नमुना मात्र फॉक्सी. याचं नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं, कारण त्याची सगळी कारकीर्द १९३१ सालातली, आणि तीही तीन फिल्म्सची. ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग हे डिस्नेचे कॅन्सस सिटीपासूनचे जुने सोबती; ऑस्वाल्डवरही त्यांचा हात फिरलेला. पुढे त्यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी ‘मेरी मेलडीज’ ही मालिका सुरू केली आणि आयझिंगने तिचा नायक म्हणून फॉक्सी दिला. मराठीत फॉक्स म्हणजे खरं तर खोकड. पण गोष्टीत आपण त्याला कोल्हाच करतो, तेव्हा कोल्हा म्हणू. कान त्रिकोणी, शेपूट झुपकेदार. एवढं बोटाने झाकलंत तर खाली मिकी उरतो. त्याला एक मैत्रीण आहे, रॉक्सी. तिचे कान झाकून बघा, मिनी!

‘स्माइल, डार्न या, स्माइल!’ मी कितीदा पाहिली याचा हिशोब नाही. फॉक्सी ट्रामचा चालक. एक अगडबंब हिप्पो बाई आत मावत नाही, तेव्हा तो टाचणी टोचून तिच्यातली हवा काढतो. पुढे रुळावर गाय ठाण मांडून बसते. शेवटी ट्राम उतारावर सुसाट सुटते. हे पाहताना पहिल्यांदाच वाटलं की आपण इथे आधी येऊन गेलोय. ऑस्वाल्डची प्रदर्शित झालेली पहिली फिल्म ‘ट्रॉली ट्रबल्स’ काढून बघितली. तीच ट्राम, तशीच आडवी आलेली गाय, तोच सुटलेला उतार! फक्त संकटात ऑस्वाल्ड स्वतःचा पायच उपटून त्याची पापी घेतो (सशाचा पाय शुभ मानतात ना, आणि इथे तर तो घरचाच), आणि फॉक्सी मात्र दचकून अंथरुणात जागा होतो. सगळं स्वप्न! उशाशी रेडिओ तेच गाणं वाजवत असतो, आणि फॉक्सी तो फोडून टाकतो.

चार वर्षांपूर्वी मालकाच्या दुकानात शिवलेला सदरा कारागिराने स्वतःच्या दुकानात पुन्हा शिवला, नुसती कॉलर बदलून. याला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. डिस्नेला मात्र ते रुचलं नाही. त्याने आयझिंगला फोन करून हा कोल्हा थांबवायला सांगितलं, असं सांगतात. फोन झाला असो वा नसो, तीन फिल्म्सनंतर फॉक्सी गेला आणि त्याच्या जागी पिगी नावाचं डुक्कर आलं. तेही दोनच फिल्म्स टिकलं.

आयझिंगचं धाडस कळायचं तर त्याच वर्षीचा दुसरा तंटा बघावा लागतो. न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्यूरन स्टुडिओच्या ‘ईसापनीती’ मालिकेत एक उंदीर-उंदरीण वावरत होते. डिस्नेने कोर्टात धाव घेतली आणि १९३१मध्ये त्या दोघांवर मनाई हुकूम मिळवला. इथे मी डिस्नेच्या बाजूचा, पण अर्धाच. ते जोडपं मिकी-मिनीवरून काढलंय हे आंधळ्यालाही दिसेल. पण याच मालिकेत पॉल टेरीच्या हाताखाली १९२८च्या आधीपासून काळे उंदीर धुमाकूळ घालत होते, आणि मिकीशी त्यांचंही बरंच साम्य आहे. उंदीर आधी कुणाचा, हे कोर्टाने ठरवायचं म्हटलं तर कठीणच. आणि त्या हुकमाची शाई धड वाळलीही नसेल तोच आयझिंगने त्रिकोणी कानांचा मिकी पडद्यावर आणला. त्रिकोण हाच त्याचा वकील.

ऑस्वाल्ड २००६मध्ये डिस्नेकडे परत आला, तोही अल मायकल्स या क्रीडा समालोचकाच्या बदल्यात. एका जित्याजागत्या माणसाला दुसऱ्या वाहिनीवर जायची मोकळीक आणि मोबदल्यात काळा ससा! फॉक्सीला असं कुणी मागायला आलं नाही. १९९२मध्ये ‘टायनी टून ॲडव्हेंचर्स’च्या एका भागात तो थोडा वेळ दिसला, रॉक्सीही बरोबर होती. मिकीशी घोटाळा नको म्हणून दोघांचे चेहरे बदलून चांगले कोल्ह्यासारखे केले होते. मी तो भाग दादाला दाखवला. तो म्हणाला, “हा कोण?” मलाही नाव ऐकेपर्यंत ओळख पटली नव्हती.