घर एक, चुली दोन

भारताची जनगणना आणि राष्ट्रीय नमुना पाहणी यांच्या लेखी कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. थोरल्या आणि धाकट्या भावाने एका घरात राहून चुली वेगळ्या केल्या असतील, तर प्रगणक तिथे दोन कुटुंबे लिहितो. अमेरिकेच्या जनगणना खात्याला चुलीशी कर्तव्य नाही. एका निवासी गाळ्यात राहणारे सगळे मिळून तिथे एक कुटुंब होते, मग त्यांचे आपसात बोलणे असो वा नसो. ब्रिटनमध्ये दिवसातून एकदा एकत्र जेवणे किंवा बैठकीची खोली सामायिक असणे पुरेसे होते. 2011च्या जनगणनेपासून तिथे स्वयंपाकाची सोय आणि बैठकीची किंवा जेवणाची जागा, दोन्ही सामायिक असावी लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत चुलीची आणि गाळ्याची अशा दोन्ही कल्पना मान्य आहेत. त्यामुळे ‘सरासरी कुटुंब किती माणसांचे’ हा साधा आकडा दोन देशांचा शेजारी ठेवला, तर त्यातला किती फरक माणसांचा आणि किती व्याख्येचा, हे नुसत्या तक्त्यावरून कळत नाही.

कुटुंब, रोजगार, शिक्षण, उत्पन्न, वैवाहिक स्थिती अशा ज्या बाबी पाहणीत नोंदवल्या जातात त्यांना संख्याशास्त्रात ‘चल’ म्हणतात. निरनिराळ्या देशांच्या सरकारी पाहण्यांतले चल एकमेकांशी ताडून पाहता येतील अशा रूपात आणणे म्हणजे त्यांचे सुसूत्रीकरण. काम कारकुनी वाटते, पण वर्तमानपत्रात ‘अमुक देशात बेरोजगारी आपल्यापेक्षा कमी’ असे छापून येते तेव्हा निम्मा निकाल या कारकुनीतच लागलेला असतो.

बेरोजगारीचेच पाहू. जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली 1982 साली भरलेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या तेराव्या परिषदेने तीन अटी घालून दिल्या: संदर्भ काळात तासभरही काम नसणे, काम मिळाल्यास करायला मोकळे असणे आणि काम शोधत असणे. युरोपीय संघात शोधाची मुदत मागचे चार आठवडे आणि रुजू होण्याची मुदत दोन आठवडे अशी ठरलेली आहे. एक तासाची अट ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. नेदरलँड्सच्या सांख्यिकी खात्यालाही ती फार सैल वाटत असावी. आठवड्याला बारा तासांहून कमी काम करणाऱ्याला ते आपल्या मुख्य आकड्यात रोजगारात धरत नसे. 2015मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय व्याख्या मुख्य केली आणि आठवड्यातून एखादी संध्याकाळ हॉटेलात काम करणारा विद्यार्थी रोजगारवाल्यांत जमा झाला.

व्याख्या मान्य असूनही आकडे फाटतात, याचे नमुनेदार उदाहरण कॅनडा आणि अमेरिकेचे आहे. दोन्ही देशांत दरमहा पाहणी होते, दोन्हीकडे शोधाची अट आहे. पण नुसत्या नोकरीच्या जाहिराती चाळल्या, अर्ज केला नाही, तर कॅनडात तो शोध ठरतो, अमेरिकेत ठरत नाही. कॅनडात मोजणी पंधराव्या वर्षापासून होते, अमेरिकेत सोळाव्या. असे बारीकसारीक फरक काढून टाकले की कॅनडाचा दर काही दशांशांनी, कधी जवळजवळ टक्काभराने खाली येतो. कॅनडाचे सांख्यिकी खाते असा ‘अमेरिकी मापाचा’ दर स्वतःच प्रसिद्ध करते, हा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे.

भारताच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत एकाच घरात, एकाच भेटीत बेरोजगारी दोन मापांनी मोजली जाते. एक माप मागच्या 365 दिवसांचे, ‘नेहमीच्या स्थिती’चे, दुसरे मागच्या सात दिवसांचे, ‘चालू साप्ताहिक स्थिती’चे. जुलै 2023 ते जून 2024 या वर्षात पंधरा वर्षांवरील लोकांसाठी पहिल्या मापाने बेरोजगारीचा दर 3.2 टक्के आला, दुसऱ्याने 4.9 टक्के. त्यांतला खरा कोणता, या प्रश्नाला अर्थ नाही. युरोपशेजारी ठेवायला कोणता जवळचा, हे मात्र विचारता येते. उत्तर साप्ताहिक दर असे आहे, पण तोही पुरता जुळत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येत काम शोधणे ‘आणि’ कामासाठी मोकळे असणे अशा दोन्ही अटी आहेत. भारतीय पाहणीत आठवड्यात काम शोधले ‘किंवा’ कामासाठी उपलब्ध असले तरी पुरते. जिथे मजुरीचे काम सुगीबरोबर येते आणि मुकादम स्वतःच बोलावतो, तिथे अर्ज घेऊन हिंडण्याला अर्थ नसतो, म्हणून हे ‘किंवा’ समर्थनीय आहे. पण त्या एका अव्ययाने तुलनेचा पायाच हलतो.

रोजगाराच्या दुसऱ्या टोकालाही अशीच गाठ आहे. 2013च्या एकोणिसाव्या परिषदेने ‘काम’ आणि ‘रोजगार’ वेगळे केले. रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम; मुख्यतः घरच्या पोटासाठी पिकवणे हे काम खरे, पण रोजगार नव्हे. भारतीय पाहणी मात्र स्वतःच्या वापरासाठी केलेले शेतीउत्पादन आर्थिक कामात धरते. कोकणात घरापुरता भात लावणारी बाई त्यामुळे दिल्लीच्या तक्त्यात रोजगारात असते आणि जिनिव्हाच्या नव्या व्याख्येत रोजगाराबाहेर. तिला विचारले तर ती बहुधा ‘मी कुठं कामाला जात नाही, घरीच असते’ असे सांगेल, आणि गोठ्यातल्या म्हशीचे दूध डेअरीला जाते हे दोन-तीन प्रश्नांनंतर बाहेर येईल. म्हणूनच चांगल्या श्रमबल पाहणीत ‘तुम्ही बेरोजगार आहात का’ असे विचारून दर काढत नाहीत. तासभर काही केले का, कशासाठी केले, शोध कसा घेतला, कधीपासून येऊ शकाल, असे तुकडे विचारले जातात आणि शिक्का नंतर कार्यालयात बसतो. तुकडे हाताशी असले की व्याख्या बदलली तरी आकडा पुन्हा जुळवता येतो.

शिक्षणाच्या बाबतीत युनेस्कोने 1970च्या दशकात एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी केली आणि 1997 व 2011 साली ती सुधारली. आता तिच्यात शून्य ते आठ अशा नऊ पायऱ्या आहेत. शाळेची वर्षे मोजून भागत नाही: महाराष्ट्रात प्राथमिक शाळा पूर्वापार चौथीपर्यंत, उत्तर प्रदेशात पाचवीपर्यंत. परिचारिकेचे शिक्षण जर्मनीत बहुधा विद्यापीठाबाहेरच्या व्यवसायशाळेत होते, आयर्लंडमध्ये ते पदवीचे असते. रुग्णाच्या उशाशी दोघी तेच करतात, पण तक्त्यात एक दुसरीच्या वरच्या पायरीवर दिसते.

अपंगत्वाच्या मोजणीत शब्दच आडवा येतो. भारताच्या 2011च्या जनगणनेत अपंग व्यक्तींचे प्रमाण 2.21 टक्के निघाले. श्रीमंत देशांच्या पाहण्यांत ते दोन आकडी असते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2001 साली नेमलेल्या वॉशिंग्टन गटाने यावर सहा प्रश्नांचा संच काढला. त्यात अपंगत्व हा शब्द नाही. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे करायला, बोलणे समजून घ्यायला आणि द्यायला अडचण येते का, एवढेच विचारायचे. उत्तरे चार: अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, मुळीच जमत नाही. ‘खूप’पासून पुढचे मोजायचे. शिक्का लावून घ्यायला नाखूश असलेली आजी जिना चढवत नाही हे सहज सांगते.

जुळवाजुळव कोणत्या टप्प्यावर करायची, याचे दोन पंथ आहेत. सगळीकडे एकच प्रश्नावली न्यायची, हा पहिला. युरोपीय संघाने 1994 ते 2001 या काळात कुटुंबांची एक पाहणी याच वाटेने केली. दुसऱ्या पंथात काय हवे ते ठरवून द्यायचे आणि कसे मिळवायचे ते प्रत्येक देशावर सोडायचे. त्यानंतर आलेली उत्पन्न आणि राहणीमानाची युरोपीय पाहणी या पंथाची आहे. डेन्मार्क, फिनलंड यांसारखे देश उत्पन्न सरकारी नोंदवह्यांतून उचलतात, इतर अनेक ठिकाणी ते घरी जाऊन विचारले जाते. नोंदवही किरकोळ व्याज विसरत नाही, पण रोखीत मिळालेले तिला कळत नाही. माणसाचे बरेचदा उलटे असते. 2021पासून लागू झालेल्या नव्या नियमाने युरोपच्या श्रमबल पाहणीत रोजगाराच्या प्रश्नांचा क्रमसुद्धा बांधून दिला. मुख्यतः घरच्यासाठी पिकवणारे तेव्हा रोजगारातून वगळले गेले. देशादेशांतली तुलना सुधारली, पण त्याच देशाची 2020 आणि 2021ची तुलना तुटली. जुन्या मालिका मागे जाऊन दुरुस्त कराव्या लागल्या.

पाहण्या होऊन गेल्यानंतर जुळवणी करण्याचा सर्वांत मोठा उद्योग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात चालतो. अनेक देशांच्या जनगणनांतल्या, नावे काढून टाकलेल्या व्यक्तिनिहाय नोंदी तिथे ‘आयपम्स’ या नावाने एकत्र ठेवल्या आहेत. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1983पासूनच्या काही फेऱ्याही त्यांत आहेत. तिथली युक्ती संकेतांकाच्या रचनेत आहे. वैवाहिक स्थितीच्या तीन अंकी संकेतात पहिला अंक सर्व देशांना सामायिक असतो: 1 अविवाहित, 2 विवाहित किंवा सहजीवनात, 3 विभक्त किंवा घटस्फोटित, 4 विधुर किंवा विधवा. पुढचे अंक ज्या देशाने जेवढे विचारले तेवढा तपशील धरून ठेवतात. लॅटिन अमेरिकेतल्या जनगणनांत लग्नाविना सहजीवन वेगळे विचारतात, म्हणून तिथल्या नोंदींत 220 हा संकेत भरभरून येतो. काही ठिकाणी नोंदणी विवाह 211 आणि धार्मिक विवाह 212 असाही भेद राहतो. भारतीय पाहणीत ‘सध्या विवाहित’ हा एकच पर्याय आहे. पहिला 2 ब्राझीलशी जुळतो, त्यापुढचे बारीक खाने भारतापुरते रिकामे राहतात.