रहाटपाळण्याचे साहित्य

होळीपूर्वीच्या आठवड्यात आपल्या डही-कुक्षीच्या परिसरात भगोरियाचे हाट भरतात. ढोल-मांदळाच्या नादाबरोबर पाळणेही फिरू लागतात. विद्यार्थी मित्रहो, पाळण्यात बसणाऱ्याचे लक्ष आकाशाकडे असते. परंतु त्याचा भार ज्या वस्तू सोसतात, त्यांचीही ओळख आपण करून घ्यावयास हवी.

जत्रेतील जुना रहाटपाळणा लाकडाचा असे आणि माणसे तो हातांनी फिरवीत. लाकूड वजनाने हलके, थोडे लवणारे आणि गावच्या सुताराला सहज दुरुस्त करता येण्याजोगे. मात्र ते ओलाव्याने कुजते, त्याला वाळवी लागते, आणि उंची वाढली की त्याचे सांधे दाद देत नाहीत.

१८९३ साली शिकागो येथील प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्यास ३६ डबे होते व प्रत्येकात ६० माणसे मावत. एवढा भार पेलला कसा? सायकलचे चाक पाहा. तिची बारीक तार दाबली तर वाकते. पण ओढली तर सहजासहजी तुटत नाही. पोलादाच्या याच गुणावर ते प्रचंड चक्र उभे होते. पुढे १९५९ साली अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांच्या रुळांवरून गाड्या धावू लागल्या. नळी हवी तशी वळविता येत असल्याने घसरगाडीस नागमोडी वाट मिळाली.

१९८९ साली मुंबईत गोराई येथे एस्सेलवर्ल्ड हे क्रीडोद्यान सुरू झाले. अशा सागरतीरी खारी हवा लोखंडाची वैरीण असते. आम्हा कोकणच्या माणसांना खिडकीचे गज दरसाल रंगवावे लागतात, ते याचमुळे! म्हणून पोलादावर जस्ताचा मुलामा व रंग चढवितात. पाण्याच्या घसरगुंड्या काचेचे तंतू राळेसारख्या द्रवात घट्ट बसवून घडवितात. त्या गुळगुळीत असतात व गंजत नाहीत.

परंतु उत्तम पोलादही थकते. एखादी तार पुनःपुन्हा इकडेतिकडे वाकवून पाहा. अखेर ती तुटतेच. फिरत्या पाळण्याचे सांधेही असेच रोज ताणले जातात, खिळे-चाक्या ढिल्या होतात. डोळ्यांस न दिसणारी बारीक चीर पुढे प्राणावर बेतते. म्हणून पाळणा सुरू होण्यापूर्वी दररोज त्याचा प्रत्येक सांधा तपासणे अगत्याचे आहे. हाटात पाळणेवाला हाती पाना घेऊन खोळंबलेला दिसला, तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमचीच काळजी वाहत असतो.