प्यादे दिले, मोबदला काय?

बुद्धिबळात प्यादे सर्वांत लहान. तरी जाणता खेळाडू ते फुकट देत नाही; दिले तर बदल्यात काय घ्यायचे ते आधी ठरवतो. घरोघरच्या मुलामुलींनी हा हिशेब शिकावा, म्हणून आम्ही येथे एक उदाहरण देत आहोत. पट मांडूनच वाचावे.

पांढऱ्याने ई४ आणि काळ्याने सी५ खेळले की ‘सिसिलियन बचाव’ होतो. आता पांढरा डी४ खेळतो. काळा ते प्यादे मारतो. पांढरा सी३ खेळतो. काळा तेही मारतो. मग पांढरा घोडा सी३ वर येऊन काळे प्यादे मारतो. जमाखर्च मांडला तर पांढऱ्याचे एक प्यादे कमी! फ्रान्सचे पिएर मोरा आणि अमेरिकेचे केन स्मिथ यांच्या नावावरून या सुरुवातीला ‘स्मिथ-मोरा गॅम्बिट’ म्हणतात.

मग जमेला काय? पहिली, वेळ. पांढऱ्याचा घोडा बाहेर पडला. काळ्याचे फक्त एक प्यादे हलले. दुसरी, वाट. सी आणि डी या उभ्या पट्ट्यांवर पांढऱ्याची प्यादी नाहीत. तेथे हत्ती येऊन बसले की काळ्या वजिराला सुखाचे घर उरत नाही.

काळा गाफील राहिला तर काय होते पाहा. काळा घोडा सी६, पांढरा घोडा एफ३. काळे प्यादे डी६, पांढरा उंट सी४. काळा दुसरा घोडा एफ६. आता पांढरा ई५ ढकलतो. काळ्याने ते सी६ च्या घोड्याने मारले, पांढऱ्या घोड्याने त्याला मारले आणि डी६ च्या प्याद्याने पांढऱ्या घोड्याला मारले, की डी पट्टी मोकळी! उंट एफ७ चे प्यादे मारून शह देतो. राजाला तो उंट मारण्यावाचून गत्यंतर नाही. मग पांढरा वजीर डी१ वरून थेट डी८ वर जाऊन काळा वजीर मारतो.

पण ही वसुली वेळेत व्हावी लागते. मोहऱ्यांची मारामारी होऊन पट रिकामा झाला, की हाती उरते ती एका प्याद्याची तूट. खुद्द स्मिथ १९७२ साली सॅन अँटोनियोच्या स्पर्धेत डोनर, एव्हान्स आणि मेकिंग यांच्याविरुद्ध हेच खेळले आणि तिन्ही डाव हरले. उलट २०११ च्या अमेरिकन ओपनमध्ये मार्क एसरमन यांनी याच सुरुवातीने ग्रँडमास्टर व्हॅन वेली यांना हरवले.

तेव्हा मुलांनो, प्यादे देण्याआधी स्वतःला विचारा: वेळ मिळते का? वाट मोकळी होते का? आणि पुढच्या चालींत तिचा उपयोग आपण करणार आहोत का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तरच हात पुढे करा.