आभासी यंत्राचा संथ पडदा : चित्र रेखाटतो कोण?

लेखांक ६

आभासी यंत्र, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, पुरेशी मेमरी व प्रोसेसर मिळूनही पडद्यावर रखडते, ही तक्रार फार जुनी आहे. खिडकी सरकवली की ती माउसच्या मागे फरफटत येते, टाइप केलेले अक्षर क्षणभराने उमटते, आणि वापरणाऱ्याचा हात सर्वप्रथम व्हिडिओ मेमरी वाढवण्याकडे जातो. हा उपाय जितका लोकप्रिय आहे, तितकाच बहुधा निरुपयोगी असतो. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिळणाऱ्या १२८ मेगाबाइटमध्ये अशी पंधराहून अधिक चित्रे मावतात. अडचण साठवणुकीची नसते. तेच चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटायचे झाल्यास सुमारे ५० कोटी बाइटांची उलाढाल होते, आणि फोर-के पडद्यावर ती चौपट होते. म्हणून विचारायचे ते हे की, एवढे रेखाटन करतो कोण?

प्रत्यक्ष संगणकात हे काम ग्राफिक्स कार्ड करते. आभासी यंत्राला, म्हणजे गेस्टला, मात्र होस्टचे, अर्थात मूळ संगणकाचे, कार्ड सहसा थेट हाताळता येत नाही. हायपरवायझर, म्हणजे दोहोंमधला कारभार पाहणारे सॉफ्टवेअर, गेस्टपुढे एक नकली कार्ड ठेवते. हे नकली कार्ड आयबीएमच्या १९८७ सालच्या व्हीजीए पद्धतीचे असेल, तर त्याच्या रजिस्टरांना, म्हणजे कार्डाच्या आदेश-खणांना, गेस्टने हात लावताच प्रोसेसर गेस्टला थांबवतो, ताबा हायपरवायझरकडे जातो, कार्डाचे वागणे हुबेहूब वठवले जाते आणि मग गेस्ट पुढे चालू लागतो. याउलट व्हर्टिओ-जीपीयूसारखे कार्ड कोणत्याही कारखान्यात कधी बनलेच नाही, ते आभासी यंत्रांसाठीच कल्पिलेले आहे. गेस्टमधल्या ड्रायव्हरला आपण आभासी यंत्रात आहोत हे ठाऊक असल्याने तो पडद्याचा बदललेला भाग तेवढा एका आदेशात कळवतो. लिनक्सच्या ४.२ या आवृत्तीत, २०१५ साली, त्याचा ड्रायव्हर समाविष्ट झाला.

निदानाची सुरुवात म्हणूनच गेस्टच्या आतून व्हावी. लिनक्समध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ हा आदेश दिल्यावर रेंडररच्या, म्हणजे चित्र रेखाटणाऱ्या घटकाच्या, ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव दिसले, तर ग्राफिक्सचा सारा भार प्रोसेसर उचलत आहे असे समजावे. जीनोमसारखे डेस्कटॉप प्रत्येक खिडकी त्रिमितीय ग्राफिक्सच्या मार्गानेच जुळवत असल्याने या अवस्थेत साधा मेनू उघडतानाही प्रोसेसर धापा टाकू लागतो. गेस्टला प्रोसेसरचे आणखी कोअर दिल्यास थोडा दिलासा मिळतो, कारण हा रेंडरर काम अनेक कोअरांत वाटू शकतो. परंतु मूळ दोष जागीच राहतो. विंडोज गेस्टमध्ये डिव्हाइस मॅनेजरात ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ दिसणे ही तशीच खूण होय.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये यावरचा उपाय तीन ठिकाणी विखुरलेला आहे. लिनक्स गेस्टला व्हीएमएसव्हीजीए हा ग्राफिक्स कंट्रोलर असावा, थ्री-डी अॅक्सलरेशनची खूण केलेली असावी, आणि गेस्टमध्ये गेस्ट अॅडिशन्स हा ड्रायव्हरांचा संच होस्टवरील व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीशी जुळणारा असावा. काल सुरळीत चालणारा पडदा आज अचानक अडखळू लागला, तर संशय या तिसऱ्या गोष्टीवर घ्यावा. गेस्टमधील लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, अद्ययावत झाला आणि अॅडिशन्सची मोड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बांधली गेली नाहीत, की ती लोडच होत नाहीत.

कधीकधी मात्र दोष पडद्याचा नसतोच. विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसत असेल, तर विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही हे हायपरवायझर आधीपासून चालू असून प्रोसेसरच्या आभासीकरणाच्या सोयी व्हर्च्युअलबॉक्सला थेट मिळत नाहीत. अशा वेळी सारे यंत्रच मंदावते आणि पडद्यावर ते केवळ आधी जाणवते. विंडोजच्या कोअर आयसोलेशनमधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षासोय बंद केल्यास कासव पुष्कळदा जाते, पण सुरक्षेचे एक कवच त्याबरोबर जाते, आणि कार्यालयीन संगणकावर तसे करणे क्वचितच शहाणपणाचे ठरते. गेस्ट विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर त्यापेक्षा रिमोट डेस्कटॉपने त्याला जोडून घेणे बरे, कारण त्यात हायपरवायझरच्या नकली पडद्याला वळसा घालून गेस्ट आपली चित्रे संकुचित स्वरूपात थेट पाठवतो.